शाळेजवळची कोल्ड्रिंक बंदी आणि 'मी काय प्यावं' हा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराड तालुक्यातल्या तुमच्या गावात ग्रामसभेपुढे तीन ठराव येणार आहेत. शाळेजवळ कोल्ड्रिंक विकायचं नाही, गावातल्या दुकानांनी लिटरच्या वरची बाटली ठेवायची नाही आणि यात्रेत कोल्ड्रिंकचे स्टॉल लावू द्यायचे नाहीत. तुमच्या धाकट्या भावाचं किराणा दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. तुम्ही विचारलंय, "मी चाळिशीचा माणूस. स्वतःच्या पैशानं रोज अडीचशे मिलीच्या दोन बाटल्या पितो, मला आजवर काही झालेलं नाही. मी काय प्यावं हे सांगणारे हे कोण? आणि बंदीच घालायची तर उसाच्या रसावर, चहावर का नाही?"

मी कराडमध्येच सव्वीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. दिवसभरातले बरेचसे पेशंट मधुमेह, रक्तदाब आणि लिव्हरवरच्या चरबीचे. त्यामुळे मी डोळे झाकून बंदीच्या बाजूनं बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण तुमचा राग मला बऱ्यापैकी पटतो. का पटतो ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिली आठ-दहा वर्षं मी पेशंटना सरळ हुकूम सोडायचे. साखर बंद, गूळ बंद, केळं बंद, आंबा बंद. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा माझ्याकडे यायचे. प्रत्येक वेळी "होय मॅडम, बंद केलंय" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा वाढलेला असायचा. मी गोळ्या वाढवत गेले. शेवटी एकदा त्यांची सून सोबत आली आणि म्हणाली, की मामंजी दुपारी स्टँडवर जाऊन दोन कप गोड चहा पिऊन येतात. आजोबा खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही रागावताय म्हणून सांगत न्हवतो." त्या माणसाचं खोटं बोलणं माझ्या वागण्यामुळं होतं, आणि त्या खोट्यावर मी औषध लिहीत होते. तेव्हापासून मी पहिला प्रश्न बदलला. आता विचारते, "काय सोडता येणार नाही ते आधी सांगा." आजोबांनी सकाळचा एक गोड चहा ठेवला आणि बाकीचं स्वतःहून सोडलं. पुढची कित्येक वर्षं त्यांची साखर आटोक्यात राहिली.

म्हणून मोठ्या माणसाच्या ताटात आणि ग्लासात काय असावं हे त्यानंच ठरवावं, असं मी मनापासून मानते. डॉक्टर म्हणूनही तेच सोयीचं आहे. ज्याच्यावर सक्ती होते तो लपवतो, आणि लपवलेल्या आजारावर औषध लागू पडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्या गावातल्या तीन ठरावांत तुम्ही एकच प्रश्न पाहताय आणि मला तिथं दोन दिसतात. एक, जाणत्या माणसानं काय प्यावं. दोन, दहा रुपयांची नोट घेऊन मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर आलेल्या नऊ वर्षांच्या पोरासमोर काय मांडून ठेवावं. पहिल्याचं उत्तर मी वर दिलं. दुसऱ्यात स्वातंत्र्य नेमकं कुणाचं, हे जरा नीट बघावं लागतं.

तुमच्या भावाच्या दुकानातला फ्रिज आठवा. अशा दुकानांतला फ्रिज बहुतेकदा कंपनीकडून आलेला असतो. त्यात कुठल्या फळीवर काय ठेवायचं, दुकानात तो कुठं उभा करायचा, हेही बरंचसं तिकडूनच सांगितलं जातं. बाटलीची किंमत मुलाच्या खिशात मावेल अशी ठरवलेली असते. शाळेतल्या टाकीचं पाणी मेमध्ये कोमट, कधी कधी नसतंच, आणि समोर काचेतून गार बाटली दिसते. त्या पोरानं बाटली निवडली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निवड आधीच कुणीतरी केलेली आहे, पोरानं फक्त नोट पुढं केली. ग्रामसभेनं त्या मांडणीत हात घातला तर पोराचं स्वातंत्र्य कमी होत नाही. ते आधीही त्याच्याकडे नव्हतं.

हा वाद आपल्या भागाला नवा नाही. कराडपासून जवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेल्या आगरकरांनी आयुष्यभर व्यक्तीच्या स्वातंत्र्याची बाजू लढवली. त्याच आगरकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला. त्या कायद्यानं मुलीशी शरीरसंबंधासाठीची, लग्न झालेलं असलं तरी लागू असलेली, वयाची अट दहावरून बारावर नेली. सरकारनं आमच्या घरगुती चालीरीतींत हात घालू नये, असा विरोधकांचा आक्षेप होता. बालविवाह आणि कोल्ड्रिंक यांचं गांभीर्य एक नाही, हे मलाही कळतं. पण व्यक्तीचं स्वातंत्र्य मानणारा माणूस मुलांसाठी कायदा मागू शकतो आणि त्यात विसंगती नसते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

साखरेच्या पाण्यावरच एवढा रोख का, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. कोलासारख्या पेयात १०० मिलीला साधारण दहा ते अकरा ग्रॅम साखर असते. तुमच्या दोन बाटल्यांत सुमारे ५३ ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेली मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्के, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम. जमलं तर त्याच्या निम्मी, २५ ग्रॅम. त्यात चहातली, मिठाईतली, मधातली, फळांच्या रसातली साखर आली. अख्ख्या फळातली आणि दुधातली नाही. म्हणजे सकाळचा पहिला चहा सोडून द्या, नुसत्या दोन बाटल्यांत तुमचा दिवस भरला.

त्यातही पातळ साखरेची गोष्ट वेगळी आहे. तीच साखर चपातीच्या रोलमध्ये खाल्ली तर पोट भरल्याची जाणीव होते आणि पुढचं जेवण थोडं कमी जातं. प्यायलेली साखर पोट मोजतच नाही. ती झपाट्यानं रक्तात येते, तिच्यातला फ्रुक्टोजचा भाग मुख्यतः लिव्हरकडे जातो आणि जास्तीचं तिथं चरबी बनून बसतं. दारूचा थेंबही न घेतलेल्या पंचविशीच्या पोरांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसतं, तेव्हा मी आधी विचारते, "पितोस काय?" पोरं दचकतात, त्यांना दारूचा प्रश्न वाटतो. मला कोल्ड्रिंक, आंब्याचं बाटलीतलं पेय आणि एनर्जी ड्रिंक यांची यादी हवी असते.

एनर्जी ड्रिंकवरून एक सांगायलाच हवं. ऊसतोडीच्या हंगामात रात्रपाळीला ट्रॅक्टर चालवणारी पोरं जागं राहायला ते पितात, आणि त्यांचं बघून आठवी-नववीची मुलंही. अशा पेयांत लिटरमागं १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि ते लहान मुलांसाठी नाही, हे डब्यावर छापणं नियमानं बंधनकारक आहे. ते छापलेलं असतं बारीक अक्षरात. आमच्याकडे धडधडतंय म्हणून आणलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचा ईसीजी काढला, तो ठीक होता. सकाळपासून तीन बाटल्या झाल्या होत्या. वडील म्हणाले, "आम्हाला वाटलं सरबतच हाय."

आता एकेक ठराव बघू.

शाळेजवळच्या विक्रीचा नियम ग्रामसभेनं नव्यानं करायची गरजच नाही, तो आहे. एफएसएसएआय म्हणजे देशातलं अन्नसुरक्षा प्राधिकरण. त्याच्या २०२० च्या शालेय आहाराच्या नियमांप्रमाणे जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात विकता येत नाहीत, आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांनाही विकता येत नाहीत. शाळकरी मुलांना, हा शब्द महत्त्वाचा. तुमचा भाऊ तुम्हाला बाटली देऊ शकतो, गणवेशातल्या पोराला नाही. त्यानं फ्रिज दारातून हलवून गल्ल्याच्या मागं ठेवावा, दर्शनी फळीवर ताक आणि गार पाणी लावावं. उन्हाळ्यात गल्ला थोडा घटेल, तो किती घटेल हे त्याचं गिऱ्हाईक शाळेचं किती आणि गावाचं किती यावर आहे, आणि ते त्यालाच ठाऊक. नुकसान होणारच नाही असं सांगून मी त्याला फसवणार नाही. पण या एका ठरावाला मी ग्रामसभेत हात वर केला असता.

लिटरच्या वरच्या बाटलीचा ठराव मला पटत नाही. हा प्रयोग न्यूयॉर्क शहरानं करून बघितला आहे. मेयर ब्लूमबर्ग यांच्या काळात, २०१२ साली तिथल्या आरोग्य मंडळानं ठरवलं की हॉटेलं, सिनेमागृहं वगैरे ठिकाणी १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७३ मिलीपेक्षा मोठ्या ग्लासात साखरेचं पेय द्यायचं नाही. पिणाऱ्याला दोन ग्लास घ्यायची मुभा होती, कोपऱ्यावरच्या कित्येक दुकानांना नियम लागू नव्हता. मार्च २०१३ मध्ये अंमल सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी न्यायालयानं तो अडवला आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. लोक समजतात की कोर्टानं "प्यायचं स्वातंत्र्य" मान्य केलं. निकालाचं कारण वेगळं होतं. असा निर्णय घेणं लोकांनी निवडून दिलेल्या सभेचं काम आहे, नेमलेल्या आरोग्य मंडळाचा तो अधिकार नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

तुमच्या गावालाही हाच प्रश्न येईल. दारूच्या बाबतीत आपल्याकडे कायद्यानं वाट आहे. उभी बाटली-आडवी बाटली मतदान होतं, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली की दुकान बंद. कोल्ड्रिंकच्या लिटरच्या बाटलीला अशी कुठलीही वाट नाही. ठराव होईल, पाळला जाणार नाही, आणि त्या नादात शाळेचा ठरावही लोक हसण्यावारी नेतील. शिवाय मोठी बाटली बहुधा घरी पाहुणे आले की उघडते, सहा जणांत वाटली जाते. ज्यांना मी रोज बघते ते लोक छोट्या बाटल्या एकट्यानं, एकापाठोपाठ एक पितात.

उसाच्या रसाचा मुद्दा मात्र तुम्ही अगदी बरोबर काढलात. रसवंतीतल्या पाऊण ग्लासात, साधारण २०० मिलीत, पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते, म्हणजे कोल्ड्रिंकइतकीच किंवा थोडी जास्त. आलं-लिंबू पिळल्यानं ती कमी होत नाही. मधुमेहाच्या पेशंटला "नैसर्गिक आहे, चालतंय" म्हणून रस पाजणारे नातेवाईक मी दर उन्हाळ्यात समजावते. गुळाच्या चहाचंही तेच. गुळात बहुतांश साखरच आहे. आणि चहा! आपल्या भागातला माणूस सकाळी उठल्यावर, रानात, दुकानात, पाहुण्याकडे आणि संध्याकाळी असे पाच चहा घेतो, प्रत्येकात दोन चमचे. चमच्याला चार ग्रॅम धरले तरी चाळीस ग्रॅम झाले. चाळिशीपुढच्या माझ्या पेशंटमध्ये कोल्ड्रिंकपेक्षा चहानंच जास्त साखर पोटात जाते, हे मी छातीठोकपणे सांगते. मग रसवंतीवर बंदी का नाही? कारण घुंगरांचा आवाज ऐकून माणूस वाट वाकडी करून जातो, बसतो, एक ग्लास पितो, उठतो. रस बाटलीत भरून वर्षभर पोराच्या वर्गाबाहेर उभा राहत नाही. उद्या राहिला, तर त्यालाही ५० मीटरचा नियम लावा, असंच मी म्हणेन.

साखरेवर तर आपलं पोट आहे, हेही तुम्ही लिहिलंय. माझ्या माहेरीही ऊस आहे, बिल कधी मिळणार याची वाट बघत मी लहानाची मोठी झाले. पण उसाला भाव मिळावा म्हणून आपल्याच पोरांनी जास्त साखर प्यावी, हा हिशेब कुठल्याही शेतकऱ्यासमोर मांडा, तो नाहीच म्हणेल. उसापासून इथेनॉलही होतं. तो मार्ग वाढावा यासाठी भांडू, पोरांच्या लिव्हरच्या जिवावर नको.

मोठ्या माणसाच्या बाबतीत सरकारनं काहीच करू नये असं मात्र माझं मत नाही. दोन गोष्टी करता येतात आणि दोन्हींत तुमची बाटली तुमच्या हातात राहते.

एक म्हणजे कर, पण शहाणपणानं लावलेला. मेक्सिकोनं २०१४ पासून साखरेच्या पेयावर लिटरमागं एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटली, दुसऱ्या वर्षी जवळपास दहा टक्के. ब्रिटननं २०१८ मध्ये आणखी चांगलं केलं. १०० मिलीला पाच ग्रॅमच्या आत साखर असेल तर कर नाही, पाच ते आठला लिटरमागं १८ पेन्स, आठच्या वर २४ पेन्स. कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच कित्येक पेयांतली साखर उतरवली. पिणाऱ्याला काही सोडावं लागलं नाही आणि साखर कमी झाली. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. आकडा मोठा दिसतो, पण तो साखर मोजत नाही. बिनसाखरेच्या डाएट कोल्ड्रिंकलाही तोच दर. आणि फसफस नसलेली, फळांच्या रसाची म्हणून विकली जाणारी साखरेची पेयं मात्र पाच टक्क्यांत बसतात. आई पोराला कोला नको म्हणते आणि आंब्याचं पेय कौतुकानं देते. करही तिला तेच सांगतोय. हे मला फार लागतं.

दुसरी गोष्ट नावाची. जुलाब लागलेल्या बाळाला आईनं मेडिकलमधून ओआरएस लिहिलेलं टेट्रापॅक आणलं, आणि बाळ आणखी सुकलं, असं मी स्वतः बघितलंय. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि मोजून मीठ असतं. त्या पॅकमध्ये साखर कितीतरी पट जास्त होती, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. या बंदीनं कुणाचं स्वातंत्र्य गेलं? त्या आईला काय विकत घेतोय हे कळण्याचा हक्क पहिल्यांदा मिळाला.

यात्रेच्या ठरावाबद्दल थोडक्यात सांगते. स्टॉल बंद करू नका. देवळाच्या रस्त्यावर गार पाण्याची पाणपोई लावा, ती भरलेली राहील यासाठी मंडळाची पोरं नेमा, जमलं तर ताकही ठेवा. चैत्राच्या उन्हात माणूस आधी गार काय ते शोधतो. आणि एक वैद्यकीय कारणही आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर यात्रेच्या गडबडीत एकदम उतरली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर साखरेचं दीडशे मिली कोल्ड्रिंक त्याला दहा-पंधरा मिनिटांत सावरू शकतं. डाएटचं चालत नाही, साखरेचंच हवं, आणि माणूस शुद्धीवर असेल तरच पाजायचं. साखर विष आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

राहता राहिलं तुमचं "मला काही झालेलं नाही". तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, दुपारनंतर फार तहान लागते म्हणून दुसरी बाटली होते. माझी नजर तिथंच अडकली. साखर वाढलेली असते तेव्हा लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, तहान लागते. तहानेला गोड गार प्यायलं की साखर आणखी वाढते आणि चक्र फिरत राहतं. तिशी-चाळिशीतले असे पेशंट मी उन्हाळ्यात चारशे-पाचशेच्या साखरेवर ॲडमिट केलेत. आठवडाभर आधीपर्यंत त्यांनाही काही झालेलं नव्हतं. तुमचं तसंच असेल असं नाही, नुसत्या उन्हाचीही तहान असू शकते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींहून जास्त लोकांना त्याच्या अलीकडची अवस्था असल्याचा अंदाज निघाला. त्यातल्या कित्येकांना ते माहीतच नसतं.

रात्री लघवीला किती वेळा उठता, गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का, घरात कुणाला साखर आहे का, हे आठवून ठेवा. सकाळी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, दोन्ही तपासून घ्या. तालुक्यात कुठल्याही लॅबमध्ये होतात, ग्रामीण रुग्णालयातही विचारा. तपासणीच्या आधी चार दिवस मुद्दाम काही सोडू नका, रोज जे पिता तेच प्या. तहान फारच वाढली, उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी रिपोर्ट घेऊन या, आणि सोबत भावालाही आणा. फ्रिज कुठं हलवायचा तेही बोलू, आणि तुमच्या दोन बाटल्यांतली कुठली ठेवायची तेही.